आउने गाडीतून उतरली तो ऑगस्ट

आमच्या हापाला गावात आउने तार्वाइनेनला ओळखत नाही असं घर नव्हतं. ती दूध संघाची गाडी चालवायची. फाट्याफाट्यावर लाकडी मचाणं होती, त्यांवर लोक दुधाचे कॅन ठेवायचे. ते गोळा करून ती डेअरीत आणायची. मी डेअरीत दुधाची फॅट तपासायचे, म्हणून रोज सकाळी तिची माझी गाठ. बडबडी नव्हती. कॅन उतरवताना खणखणाट व्हायचा, तोच तिचा रामराम. वडिलांचा पाय लाकूडतोडीत अडकून कामातून गेला तेव्हा तिने त्यांची गाडी हाती घेतली, ती घेतलीच. बर्फ असो, वसंतातला गुडघाभर चिखल असो, आउनेची गाडी उशिरा आली असं कुणी म्हणायचं नाही.

तिचं लग्नही त्या गाडीनेच जुळवलं. ओइवा तार्वाइनेन खडीचा ट्रक चालवायचा. एका मार्चमध्ये त्याचा ट्रक चारीत गेला आणि हिने तो दोर लावून ओढून काढला. ओइवा दिसायला देखणा, बोलायला गोड. आमच्याकडे पुरुष चार शब्द बोलला तरी त्याला वाचाळ म्हणतात, आणि हा तर चाळीस बोलायचा. शरद ऋतूत दोघांचं लग्न झालं. पुढे कित्येक वर्षं लोक तिला चिडवायचे, "सगळ्या बायका नवरा शोधतात, आउनेने दोर लावून ओढला."

त्या दिवसांत आमच्याकडच्या तरण्या पोरांना एकच वेड होतं. खडीच्या रस्त्यांवरून गाड्या पळवायच्या. रस्ते असे की चढ दिसतो, चढापलीकडचं काही दिसत नाही, आणि चढावरून गाडी हवेत उडते. ओइवाने गोठ्याचं गॅरेज केलं, जुनी लाल गाडी घेतली आणि तिच्यात रात्रंदिवस डोकं घालून बसायला लागला. रॅलीत, म्हणजे गाड्यांच्या या शर्यतीत, शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला आधी त्याचा आतेभाऊ होता. त्याला दुसऱ्याच चढावर ओकारी यायची. शेवटी ओइवाने बायकोलाच विचारलं. म्हणाला, तुला वाचता येतं आणि तुझं पोट घट्ट आहे, अजून काय पाहिजे? आउने हसली आणि बसली.

ती अशी वाचायची की ऐकत राहावं. एकदा सरावाच्या वेळी मी मागच्या सीटवर बसले होते, म्हणून सांगते. गाडी थडथडत होती, माझे दात वाजत होते, आणि हिचा आवाज मात्र चर्चमध्ये स्तोत्राचा क्रमांक सांगावा तसा शांत. "डावं, सौम्य. मग चढ. सरळ उडव. उतरलास की उजवं, आखूड." ओइवा म्हणायचा, हिचा आवाज थरथरला तर मी ब्रेक दाबीन, पण तो कधी थरथरतच नाही.

दोघांना मूल नव्हतं. ओइवाला नको होतं. का नको ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आउनेने, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, खोदून विचारलं नाही. तिला वाटायचं, याला पोरं आवडत नसतील. पण दुसऱ्यांची पोरं आली की तो त्यांना मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचा, तेव्हा तिला ते कोडं सुटायचं नाही.

ज्या वर्षी आमच्याकडच्या ऑगस्टच्या रॅलीला जागतिक अजिंक्यपदात धरायला लागले, त्या वर्षीच्या वसंतातली गोष्ट. ओइवाच्या कोपराजवळचा कॉफीचा कप पडला. मग पुन्हा पडला. मांजर पायाखाली आलं. सौनातून, वाफेच्या न्हाणीघरातून, बाहेर येताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. आउने म्हणाली, दमतोस तू फार. तोही हो म्हणाला.

मग एका संध्याकाळी ती त्याच्यासाठी गॅरेजमध्ये पाव घेऊन गेली. तो गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकलेला. ती त्याच्या अगदी बाजूला येऊन उभी राहिली, हात लावावा इतक्या जवळ. तेवढ्यात तो ओरडला, "आउने, कुठं मेलीस? तो दिवा धर की जरा." ती तिथंच होती. तिने उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मग मान वळवली आणि ती समोर दिसताच असा दचकला की हातातला पाना खाली पडला.

घरात येऊन तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि विचारलं, "किती दिसतं तुला?"

"समोरचं सगळं दिसतं. त्या झाडावरची खार दिसते."

"आणि बाजूचं?"

ओइवा बराच वेळ कप फिरवत राहिला. "बाजूचं तू सांगतेस की," तो म्हणाला.

त्याचा बाप आंधळा होऊन गेला होता. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू पिऊन डोळे गमावले, असं सगळं गाव म्हणायचं, आणि ओइवाच्या आईनेही ते कधी खोडून काढलं नाही. दारूची लाज एकाच पिढीची असते. त्या संध्याकाळी ओइवाने बायकोला खरं सांगितलं. बापाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. आजोबांचेही डोळे असेच गेले होते. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, मग सगळंच.

"म्हणून मूल नको म्हणायचास?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आउने उठली, बाहेर गेली आणि लाकडं फोडायला लागली. शेजारच्या म्हातारीने मला नंतर सांगितलं, वसंतात कोण एवढी लाकडं फोडतं बाई, दोन हिवाळे पुरतील एवढी फोडली हिने.

मग दोघांनी ठरवलं. ऑगस्टपर्यंत चालवायचं. ती बाजूचंही सगळं वाचेल, झाड, दगड, कुंपण, माणूस. ऑगस्ट झाला की गाडी विकायची, ट्रकही सोडायचा, आणि डॉक्टरकडे जायचं. ओइवाने शब्द दिला. हे सारं मला आउनेने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिला विचारलं होतं, तेव्हाच का नाही थांबवलंस? ती म्हणाली, "हेल्वी, तो भीक मागत होता. त्याला मी तसं कधी पाहिलं नव्हतं."

ऑगस्टची रॅली आली. परदेशी लोक स्वतःचे टायर विमानाने आणायचे, त्यांचे मेकॅनिक एकाच रंगाच्या कपड्यांत फिरायचे, आणि आमची पोरं त्यांच्या मागेमागे हिंडायची. पण रस्ते आमचे होते. पहिल्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि ओइवाने अशी गाडी हाणली की त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या पाठोपाठ आमची जुनी लाल गाडी नावांच्या फळ्यावर चढली. रेडिओवर हापालाचं नाव आलं. पेट्रोल पंपावर म्हातारेसुद्धा जमले.

दुपारी जेवायला थांबले तेव्हा एका परदेशी कारखान्याचा माणूस दुभाष्याला घेऊन आला. त्याने ओइवाला विचारलं, हे असंच शेवटपर्यंत राहिलं तर पुढच्या वर्षी आमची गाडी चालवशील का? ओइवाचा चेहरा असा फुलला की आउनेला त्याच्याकडे बघवेना. तिच्या हातात भाजलेला सॉसेज होता. त्यावरची मोहरीची चटणी बुटावर गळत राहिली आणि तिला कळलं नाही. "पुढच्या वर्षी" हे शब्द तिच्या डोक्यात राहिले.

त्यानंतरचा टप्पा दाट जंगलातला. सूर्य कलला होता. रस्त्यावर उजेडाचे पट्टे आणि सावलीचे पट्टे, त्यात पुढच्या गाडीची धूळ. लोक नेहमीप्रमाणे रस्त्याच्या अगदी कडेला. आउने वाचत होती, बाजूचंही सांगत होती, पण माणसं दगडांसारखी एका जागी उभी राहत नाहीत. एका वळणावर पाठपिशवी घेतलेला एक माणूस गाडी नीट बघायला पुढे झुकला. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; उजव्या बाजूला, तिच्याच बाजूला, आरशाला काहीतरी लागलं. आरसा उडाला. काचेतून त्या माणसाचा चेहरा तिला वीतभर अंतरावर दिसला आणि मागे पडला.

टप्पा संपल्यावर ओइवाने गाडी थांबवली, बाहेर डोकावला आणि म्हणाला, "आरसा कुठं गेला? फांदी लागली असणार."

त्या माणसाला फार लागलं नव्हतं. पिशवी फाटली, थर्मास फुटला, गरगर फिरून तो गवतात पडला आणि उठून हसला म्हणे. वेळ टिपायच्या नाक्यावरच्या लोकांनी आउनेला तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग गाडी पुढच्या टप्प्याच्या रांगेत उभी राहिली आणि तिने पट्टा सोडला.

"काय करतेस?"

"उतरते."

"आउने, चेष्टा नको. आपला नंबर आलाय."

"ती फांदी नव्हती, ओइवा. माणूस होता."

ओइवाचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. "कोण माणूस?"

"बघ. म्हणूनच उतरते."

ती उतरली. शिरस्त्राण काढून गवतात ठेवलं. नाक्यावरचे अधिकारी धावत आले, काय झालं, बरं नाही का, म्हणून विचारायला लागले. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला भीती वाटते. मी पुढे जात नाही." शेजारी माणूस नसला तर गाडी सोडत नाहीत. ओइवाला गाडी बाजूला घ्यावी लागली. तेवढ्यात आमच्याच गावच्या कुणीतरी मागून आवाज टाकला, "आउने, दुधाचे कॅन उचलायचे राहिले वाटतं," आणि हशा पिकला. तो हशा ऐकत ती उभी राहिली.

घरी येताना गाडी तिने चालवली. ओइवा शेजारी खिडकीकडे तोंड करून बसला होता. फाटकापाशी आल्यावर तो म्हणाला, "तू खरं सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"ते तू सांगायचं."

त्याने सांगितलं नाही. पेट्रोल पंपावर लोकांनी छेडलं तेव्हा तो म्हणाला, बायकांचं काळीज, चालायचंच. झालं. गावाला तेवढंच पुरलं. आउनेची गाडी डेअरीत शिरली की पोरं हात वर करून शरण आल्याची नक्कल करायची. म्हाताऱ्या उगीच सहानुभूती दाखवायच्या, जी टोमण्याहून जास्त बोचते. ती मूग गिळून कॅन उतरवत राहिली. तिला वाटत होतं, हसं झालं तर झालं, ओइवा सुटला. त्याने शब्द दिलाय. खडीच्या ट्रकवरही आता भाऊबंदांपैकी एकजण जायला लागला होता. लाल गाडी तेवढी अजून गॅरेजमध्ये होती, विकायला गिऱ्हाईक शोधतोय असं ओइवा म्हणायचा.

शाळेच्या स्वयंपाकघरात साइमी नावाची विधवा होती. दर गुरुवारी तिचं वाटाण्याचं सूप पिऊन गावातली निम्मी पोरं मोठी झालेली. तिचा एकुलता एक मुलगा इल्पो प्लायवूडच्या कारखान्यात कारकून होता. उंच, चष्मेवाला, खिशात कायम ज्येष्ठमधाच्या गोळ्या, कुणी भेटलं की आधी गोळी पुढे करणार. त्याला गाडी चालवता येत नव्हती धड, पण रॅलीतलं सगळं पाठ.

ऑक्टोबरमध्ये तो एका सकाळी डेअरीच्या अंगणात आला. मी दारातच होते. त्याने आधी मला गोळी दिली, मग आउनेला.

"आउने, एक विचारू का? ओइवा म्हणतो, वळण फार आधी सांगायचं, आणि कडेला काय काय आहे तेही सांगायचं. असं सगळेच सांगतात की ही तुमची खास पद्धत?"

आउनेने हातातला कॅन खाली ठेवला. "कुठल्या रॅलीला?"

तो म्हणाला, आपल्याच जिल्ह्यातली, छोटी, येत्या रविवारी. मी त्याच्या शेजारी बसणार आहे, तुला सांगितलं नाही का त्याने?

"नको जाऊस, इल्पो."

इल्पो हसला. त्याचं हसणं टोचणारं नव्हतं. "तुला भीती वाटली म्हणून मलाही वाटायला पाहिजे, असं थोडंच आहे?"

आउनेने तोंड उघडलं. मी समोरून बघत होते. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. मग तिने तोंड मिटलं, एप्रनला हात पुसले आणि त्याला शिकवायला लागली. घाई करू नकोस. श्वास घेऊन वाच. आणि उजवीकडचं दोनदा सांगत जा. त्याने मान डोलवली आणि हात मिळवून निघून गेला. मला वाटलं, आपली जागा दुसऱ्याला जातेय याचं तिला वाईट वाटलं असेल.

त्या दिवशी घरी ती ओइवावर कडाडली. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा आवाज चढला असेल. ओइवा म्हणाला, दिवसाउजेडी आहे, दोनच छोटे टप्पे आहेत, रस्ते माझ्या पायाखालचे आहेत. एकदाच. त्या परदेशी माणसाला माझ्याबद्दल काहीतरी शेवटचं ऐकू जाऊ दे, मग गाडी त्याच दिवशी विकतो. "सगळ्यांदेखत माझं हसं झालं, तेवढं पुसू दे."

"हसं माझं झालं," आउने म्हणाली.

त्यावर त्याने तिचा हात धरला आणि आपल्या डोळ्यांवर ठेवला. त्याच्या पापण्या तिच्या तळहाताखाली हलत होत्या. ती मला म्हणाली होती, "मी हो म्हटलं नाही, हेल्वी. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही."

रविवारी पाऊस होता. वाटेत लाकडांचा एक ट्रक रुतून बसला आणि दुसरा टप्पा सुरू व्हायला उशीर झाला. ऑक्टोबरात आमच्याकडे उजेड असा जातो की जणू कुणी दार लोटलं. ओइवाने थांबायला हवं होतं. इल्पोला त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक. ते निघाले.

रस्त्याच्या कडेला बर्चच्या ओंडक्यांची रास रचून ठेवली होती. गाडी उजव्या बाजूने तिच्यावर गेली.

आउने घरी जंगलातली लाल आंबट फळं शिजवत होती, हिवाळ्याच्या मुरंब्यासाठी. पेट्रोल पंपाचा मालक दारात आला आणि टोपी काढून उभा राहिला. टोपी काढलेली पाहूनच तिला कळलं. तिने विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "ओइवा वाचेल. पण पोरगा गेला. शहरात पोचायच्या आधीच." चुलीवरचं पातेलं करपून काळं झालं. पंपवाल्यानेच ते शेवटी उतरवलं.

इस्पितळात ओइवाच्या गळपट्टीचं हाड मोडलेलं, छाती बांधलेली. त्याने तिच्या पावलांवरून तिला ओळखलं. "त्याने सांगितलं होतं," तो म्हणाला. "उजवीकडे लाकडं. दोनदा सांगितलं त्याने, आउने. मी बघितलं. मला दिसलं नाही."

ती तिथून बसने परत आली आणि फाट्यावर उतरून तशीच साइमीच्या घरी गेली. आम्ही तीनचार बायका तिथे होतो, मी कॉफी ओतत होते. साइमी उभ्याने इल्पोचा पांढरा सदरा इस्त्री करत होती. सकाळपासून तोच सदरा. आउने दारातच थांबली. कुणीतरी म्हणालं, ये, बस. ती बसली नाही.

"साइमी, तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "ओइवाला दिसत नाही. वसंतापासून मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये मी त्यासाठी उतरले, भीतीने नाही. इल्पो डेअरीत माझ्याकडे आला होता. त्याने मला विचारलं. मी त्याला सांगितलं नाही."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. साइमीने एक बाही पूर्ण इस्त्री केली, कफसुद्धा. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"तो घरी येऊन म्हणाला होता, आउनेने मला सगळं नीट समजावलं," साइमी म्हणाली. "फार खूश होता. म्हणाला, लोक उगाच तिला हसतात, बाई चांगली आहे."

"जा आता," साइमी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

आउने तिथून थेट पोलिसाकडे गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. खटला झाला. ओइवाने कोर्टात सांगितलं, माझ्या डोळ्यांचं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, बायकोलाही नाही. ते खोटं होतं, पण गावाने त्याला इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आउने मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "मला माहीत होतं." न्यायाधीशांनी सांगितलं, बाई, तुमच्यावर आरोप नाही, खाली बसा. ती उभीच राहिली. शेवटी मीच तिचा कोट ओढून तिला खाली बसवलं. ओइवाला शिक्षा झाली, पण तुरुंगात जायची वेळ आली नाही. लायसन मात्र तिथंच काढून घेतलं.

गाव ओइवावर रागावलं, पण त्याच्या अंधत्वाने तो राग बोथट झाला. आंधळ्यावर किती दिवस रागावणार? उरलेला सगळा राग आउनेच्या वाट्याला आला. पूर्वी भित्री म्हणून हसणारेच आता म्हणायला लागले, एक वाक्य बोलली असती तर. ते खरं होतं. तिने दुधाची गाडी सोडली, कारण रोजची वाट साइमीच्या घरावरून जात होती. शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या. पहाटेच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची. पुन्हा स्टिअरिंगला तिने हात लावला नाही. लाल गाडीचं जे उरलं होतं ते भंगारवाला घेऊन गेला.

ती ओइवाला सोडून जाईल असं पुष्कळांना वाटलं होतं. मी एकदा तसं विचारलंही. ती म्हणाली, "त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. एक संपलं की दुसरं सुरू होतं. मग संध्याकाळ होते, त्याला जेवायला वाढावं लागतं." ओइवाची दृष्टी पुढे पूर्ण गेली. अंधांच्या शाळेत तो ब्रश बांधायला शिकला आणि घरी बसून बांधत राहिला. त्याचं गोड बोलणं आटलं. आलेल्या माणसाला तो फक्त विचारायचा, बाहेर पाऊस आहे का.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातं. आउने दुपारीच जायची, कुणी यायच्या आत, आणि इल्पोच्या दगडापाशी एक मेणबत्ती लावून परतायची. साइमी तिन्हीसांजेला यायची. ती मेणबत्ती उचलायची आणि दफनभूमीच्या भिंतीवर नेऊन ठेवायची. विझवायची नाही. जळती तशीच ठेवायची, पण आपल्या पोराच्या दगडापाशी राहू द्यायची नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, दुकानात समोरासमोर आल्या तरी नाही.

साइमी गेली आणि तिला इल्पोशेजारीच पुरलं. त्या नोव्हेंबरात मी आउनेबरोबर गेले होते. तिने मेणबत्ती लावली, दगडापाशी ठेवली, थोडा वेळ उभी राहिली. आता ती हलवणारं कुणी नव्हतं. मग तिने वाकून ती उचलली आणि स्वतःच नेऊन भिंतीवर ठेवली. वारा होता म्हणून तिने दोन दगड आडोशाला लावले आणि आम्ही परत आलो.

ओइवा न्यूमोनियाने गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने तिला विचारलं, "तो पोरगा तुझ्याकडे आला होता डेअरीत. काय म्हणाला होता?" इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, ज्येष्ठमधाच्या गोळीपासून.

"तू त्याला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"आणि त्याने तुला येऊन विचारायची वेळच मी आणायला नको होती." मग त्याला खोकला आला आणि ते बोलणं तिथंच राहिलं. दोन दिवसांनी तो गेला.

आउने अजून त्याच घरात राहते. बटाटे लावते, चटया विणते, गुडघ्यांची तक्रार करते. नवी पिढी तिला ओळखत नाही. त्यांच्या दृष्टीने ती फाट्याजवळची म्हातारी. ऑगस्टमध्ये रॅलीचा आठवडा जवळ आला की ती मांजर माझ्याकडे सोडते आणि समुद्राकाठी बहिणीकडे जाते. मी तिला बसपर्यंत सोडायला जाते. यंदा बसला उशीर झाला. रस्त्यावर सरावाला आलेली एक गाडी धूळ उडवत गेली. आउनेने रुमाल नाकाला लावला आणि मला म्हणाली, मांजराला मासा उकडून घाल, कच्चा घातलास तर ते ओकतं.